पायरीवर पार्बताबाई

आमच्या गावच्या महादेवाच्या देवळाचा दीडशे वर्षांपूर्वीचा फोटो माधवी मॅडमनी वर्गात दाखवला, तेव्हापासून मला दुसरं काही सुचतच नव्हतं. काय फोटो आहे. खांबावरची पाकळी न् पाकळी दिसते. पायरीवर एक मिशीवाला माणूस बसलाय. देऊळ किती उंच ते कळावं म्हणून तेव्हाचे फोटोवाले माणूस बसवायचे, आणि कॅमेरा इतका संथ, की हलला तो पुसला गेला. हा पठ्ठ्या मात्र मिशीसकट शाबूत.

तसाच फोटो मीही काढायचा ठरवला. तुपाचा डबा, त्याला सुईचं भोक, भोकावर काळी पट्टी, आत फोटोचा कागद. अमरावतीच्या प्रदर्शनात आपल्या शाळेकडून माझाच फोटो जाणार, हेही सगळ्यांना सांगून टाकलं. मग पायरीवर माझा भाऊ शिवम बसला. त्याने मान खाजवली आणि फोटोत धडावर डोकंच आलं नाही. आता एकच कागद उरला होता.

देवळापुढे फुलं विकणारी पार्बताबाई म्हणाली, "मले बसव."

"मावशी, तीन मिनिटं हालाचं नाही, बोलाचं बी नाही. जमन?"

"काहून नाही जमन? मले आजवर कोनी गप बस म्हनलंच नाही."

शिवम खुदकन हसला.

ती झेंडूची टोपली शेजारी ठेवून बसली. मी भोकावरची पट्टी काढली. आणि तेवढ्यात सूर्यभानकाकांची बकरी आली. तिने सरळ टोपलीत तोंड घातलं. हाकलावी, तर ती मावशीच्या अंगावरूनच उडी मारणार. पार्बताबाई समोर बघत राहिली. दगडी खांब आणि ती, दोघं सारखेच. बकरी पोटभर खाऊन गेली, तेव्हा कुठे मी पट्टी लावली.

"सूर्यभान्या, तुही बकरी मेली आज," मावशी उठता उठता म्हणाली.

शाळेच्या प्रयोगशाळेत लाल दिव्याखाली कागदावर देऊळ हळूहळू वर आलं. खांब, पाकळ्या, आणि पायरीवर पार्बताबाई, पदराच्या काठासकट. मला नाचावंसं वाटलं.

मी फोटो दाखवायला देवळापुढे नेला, तर मावशीचं आणि सूर्यभानकाकांचं फुलांवरून भांडण चालूच होतं.

"कुठी हाय माही बकरी?" काकांनी फोटो उलटापालटा केला. "टोपलीपाशी नुसता धूर दिसते."

पार्बताबाईने फोटो हातात घेतला. फोटोतल्या पदराच्या काठावरून बोट फिरवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "माह्या फोटोत तिचं काय काम?"