चार हात गडगा

वरचा थर निघाला, दुसरा निघाला, आणि तिसऱ्याला हात घालताच अनुपमा थांबली. कुडपणच्या शेतात पॉवर टिलर आत न्यायचा तर गडग्यातली वाट रुंद करायला हवी होती, आणि आड येत होता तो नेमका तिचा पहिला चार हात गडगा. सुट्टीत वेळ जात नाही म्हणून पाच वर्षांपूर्वी भिकाजीआबांच्या हाताखाली तिने रचलेला. माती नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. इथला पाऊस भल्याभल्यांचे गडगे लोळवतो, पण हिचा उभा राहिला. मग काय, पोरीला दगडाचं वेडच लागलं. कॉलेज संपलं तरी ते सुटलं नाही. आता पार महाडहून तिला बोलावणी येतात.

आत लांब दगड आडवे बसवलेले होते, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, दोन्हींना धरून ठेवणारे. ही बांधणी ती शिकली तिसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी तिने दोन बाजू रचून मधे नुसते बारीक दगड ओतले होते, हे तिला पक्कं आठवत होतं.

"आबा, ह्ये तुमचं काम हाय."

भिकाजीआबा सावलीत तंबाखू मळत होते. त्यांनी नाकारलं नाही.

"पडू द्यायचा व्हता काय गो? परत आली असतीस?"

"नाय."

तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पाच वर्षं ज्या गडग्याचा तोरा मिरवला, तो तिचा नव्हताच. पण त्यानंतरचे? ते काही कुणी मागून येऊन सावरले नव्हते. ती पुन्हा कामाला लागली.

वाटेच्या पलीकडे तिचा चुलतभाऊ ऋत्विक, सुट्टीला आलेला, चार दिवसांच्या कामावर शेवटचा दगड ठेवत होता. त्याचा गडगा पोटाला फुगला होता. श्रावणापर्यंत टिकला तरी पुष्कळ. उद्या त्याच्याकडूनच सगळा उतरवून घ्यायचा, असं तिने सकाळी ठरवलं होतं. ऊन उतरलं तसा तो हात झाडत क्रिकेटला पळाला. जाताना दोनदा वळून त्याने आपलं काम बघितलं.

तो वळणाआड गेला आणि भिकाजीआबा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"बसा आबा," ती म्हणाली.

ऋत्विकने हौसेने सगळ्यात वर ठेवलेला पांढरा गारेचा दगड तिने आधी उचलला आणि बाजूला नीट ठेवला. शेवटी तो होता तिथेच परत बसवायचा होता.