द्वारकीच्या अंगणातला तुर्रेबाज

हेमंताची सकाळ. सह्याद्रीच्या उतरणीवरचे धुके विरत होते, कापणी झालेल्या भातखाचरांवर केशरकोमल ऊन पसरत होते, आणि द्वारकीच्या सारवलेल्या अंगणात एका टोपलीखाली कुणीतरी रागाने पाय आपटत होते.

तो होता तिने माहेराहून आणलेला तरणा कोंबडा. ताम्रकंठी, काजळपंखी, माथ्यावर जास्वंदीसारखा लाल तुरा. वय कोवळे, पण ऐट अशी की गावच्या खोताने बाजूला व्हावे.

बाहेर द्वारकीच्या कोंबड्या चरत होत्या. त्यांची म्होरकी कबरी, ठिपकेदार, वक्रचंचू, कलहप्रिय. जुना कोंबडा मुंगसाने नेल्यापासून अंगणावर तिचेच राज्य होते. अंडी मिळत, पण उबवायला ठेवली की कुजत. पिलांचा चिवचिवाट ऐकून द्वारकीला वर्ष उलटले होते. नवरा गेला, लेक नांदायला गेली. तिला आता अंगणात काहीतरी वाढताना बघायचे होते.

पण वाडीचा एक रिवाज होता. नव्या कोंबड्याला राखणीच्या, म्हणजे राखणदार देवाला वार्षिक मान द्यायच्या, दिवसापर्यंत कळपाने घेतले नाही, तर तो देवाने मागितला असे समजायचे आणि शिवेवरच्या राखणदाराला कापून द्यायचा. राखण आजच होती. दीर धाकू सुतळी घेऊन सकाळपासून पायरीवर बसला होता. नाव देवाचे, भूक धाकूची!

"वयनी, सोडा आता. घेतला तर तुमचा, नाय तर द्येवाचा."

सोडण्याआधी द्वारकीने एक चूक केली. नवे जनावर घरचे व्हावे म्हणून त्याला घरच्या चुलीची राख लावायची, ही सासूची शिकवण. गाय आणली की कपाळाला बोट, शेळी आणली की पाठीला बोट. द्वारकीने मायेच्या भरात कोंबड्याला तुऱ्यापासून शेपटीपर्यंत राख फासली. तांबडे गेले, काळे गेले, तुरा विझला. अंगणात उतरले ते भलतेच काहीतरी भुरकट होते.

कबरी बिचकली आणि मग तुटून पडली. मागोमाग साऱ्या धावल्या. चोच, चोच, चोच! राखेचे ढग उठले, पिसे उडाली, राखाडी माथ्यावर रक्त आले. आपण काय करून बसलो हे द्वारकीला कळले.

"बगा, द्येवानं मागितला." धाकू उठला.

"बसा भावोजी! अजून तो पळाला नाय."

खरेच, तो पळाला नव्हता. मागे रान मोकळे होते, वाट मोकळी होती. तो पळाला नाही. चोच बसली, हलला नाही. पुन्हा बसली, एक पाऊल मागे गेला आणि दोन पावले पुढे आला. मग त्याने अंग असे झाडले, असे झाडले, की राखेचा पडदा फाटला. मान लखलखली, पंख निळे चमकले, तुरा पेटला. कबरी थबकली. समोर कोण आहे ते तिला आता कुठे दिसले.

तो तिच्यावर धावून गेला नाही. खुशाल पाठ फिरवून माडाच्या आळ्यात गेला आणि पायांनी माती उकरू लागला. वाळवी वर आली, शुभ्र, वळवळती. तो रात्रीपासून उपाशी होता, तरी त्याने एकही किडा गिळला नाही. मान लववून, गळ्यात घोळवून त्याने हाक घातली: कुट्, कुट्, कुट्. या. आधी तुम्ही.

एक तलंग, कोवळी कोंबडी, आली. मग दुसरी. कबरी आपल्याच मानाला अडून उभी राहिली. शेवटी तीही आली आणि त्याच्या चोचीखालचे टिपू लागली.

"आज खाल्लं, उद्या टोचतील," धाकू म्हणाला. "आना हिकडं."

द्वारकी पदर खोचून आडवी उभी राहिली. "राखणदाराला मी नारळ दीन. रस्सा पायजे त्यानं आपला कोंबडा पाळावा."

"आनि द्येव कोपला तर?"

"माज्यावर कोपूदे! इतकी वर्सं कोंबडं दिलं, तवा कुटं पावला?"

धाकूने तिला वळसा घालून हात घातला. कोंबड्याने पिसे फुलवली. पण त्याच्याआधी कबरीने धाकूच्या मनगटावर अशी चोच मारली की सुतळी मातीत पडली. कोंबड्यावरच्या मायेने की वाळवीच्या लोभाने, ते तिचे तिला ठाऊक.

"घेतला, भावोजी!" द्वारकी खदखदून हसली. "आता काय म्हनता?"

धाकू सुतळी उचलायलाही थांबला नाही. मनगट चोळत वाट उतरून गेला.

ऊन माथ्यावर आले. रक्ताळलेला, राखेचे ठिपके उरलेला, तुर्रेबाज तो अंगणाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावर चढला आणि भर दुपारी, अवेळी, शिवेपर्यंत ऐकू जाईल असा आरवला. खाली कोंबड्या माती उकरत राहिल्या. एकीनेही मान वर केली नाही; घरच्याच्या आरवण्याला कोण दचकते? तो पुन्हा आरवला.