मेलेल्या तारेचा खांब

ओलं.

माणसं अनवाणी रांगेत उभी होती. मार्चचं धुकं होतं, पायाखाली चिखल. एकेक जण पुढे होऊन लोखंडी खांबाला हात लावत होता आणि शहारत होता.

"आलं," पाववाली त्सोना म्हणाली. "कोपरापर्यंत आलं."

"दोन्ही गुडघे सैल सोड, दुखणं पळतंय त्यांचं," मिंचो काका म्हणाला. पूर्वी हा गाद्या विकायचा. गादीवर झोपलं की मणका सरळ होतो, हे तेव्हाही तो असंच सांगायचा.

रांगेत माझा धाकटा भाऊ रुस्को होता. कडेवर त्याची मुलगी बिल्याना, आठ वर्षांची. तिला फिट येतात.

"गोळी दिलीस?"

"काका म्हणाले, गोळी आणि संत एकत्र नांदत नाहीत."

"कधीपासून बंद आहे?"

बिल्यानाने जीभ दाखवली. कडेला चावल्याची ताजी जखम होती.

"पहाटे आली होती," रुस्को म्हणाला. "ताई, आज तू काही बोलू नकोस. माझ्याकडे आता एवढंच उरलंय."

कोरडं.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचं निधनपत्रक, फोटोसकट, रस्त्यातल्या खांबावर लागतं. वरच्या विजेच्या तारेवर चालणारी शहरातली ट्रॉलीबस बंद झाली तेव्हा कुणीतरी गमतीने तिचंही या खांबावर लावलं. शोकाकुल: सर्व प्रवासी. लोक हसले, थोडे रडले, कुणी फुलंही ठेवली. तेव्हापासून वरची तार मेली, असं सगळं शहर धरून चाललं. मीसुद्धा. आणि मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते.

पण मेलेली तार धुक्यात चरचरत नाही. ही चरचरत होती. आदल्या दिवशी मी ट्रॉलीबसच्या जुन्या कचेरीत फोन केला.

"तारेचा तो तुकडा चालूच ठेवलाय, बाई," पलीकडचा म्हणाला. "बंद केला तर चोर एका रात्रीत तांबं कापून नेतील."

"खांबाला हात लावला की झटका बसतोय."

"तार धरणारे चिनीमातीचे चिमटे तडकले असतील, वीज खांबात उतरत असेल. सोमवारी माणूस पाठवतो."

आज शनिवार.

ओलं.

"मेलेल्या तारेत वीज कुठली?" मिंचो काका सांगत होता. "ही वीज नाही. गडगडाटाचे धनी संत इलिया, त्यांची ही दया. पापी हाताला ती लागत नाही." बोलता बोलता तो तांब्यातलं पाणी पुढच्या माणसाच्या पायाशी ओतत होता.

पाण्याबद्दल कोण विचारणार? परीक्षेला, लग्नाला, दवाखान्याला निघालेल्याच्या वाटेत आम्ही सगळेच पाणी ओततो. काम पाण्यासारखं सुरळीत व्हावं म्हणून.

रुस्कोची पाळी आली. त्याने बिल्यानाचे मोजे काढले.

मी मध्ये गेले. शाळेचं मीटर काढलं, एक टोक खांबाला धरलं, दुसरं चिखलात खोचलेल्या खिळ्याला. काटा उठला आणि उठलेलाच राहिला.

"हे संत मोजणारं यंत्र का, मास्तरीणबाई?" मिंचो काका म्हणाला. लोक हसले.

"नाही. वीज मोजणारं. तार जिवंत आहे. तडकलेल्या चिमट्यांवरून, धुक्याच्या ओलीतून ती खांबात उतरते. पायाखाली तुम्ही पाणी ओतता, ती अंगातून जमिनीत जाते. आणखी थोडी ओल झाली, की गुडघा नाही, माणूस सैल होईल."

"मला नाही काही होत. रोज हात लावतो."

"बूट काढून लावा."

सगळ्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट. एवढ्या अनवाणी गर्दीत बूट एकट्याचेच.

"थंडी आहे," मिंचो काका म्हणाला.

"आम्हाला नव्हती का?" त्सोनाने विचारलं.

त्याने बूट काढले नाहीत. खांबालाही पुन्हा हात लावला नाही.

रुस्को चिखलात बसला. "मग आता काय? गोळ्यांनी ती बरी होते का?"

"बरी नाही होत. फिट कमी येतात. आत्ता मिळतं ते एवढंच, रे. हे तरी काढून घेऊ नकोस. गोळी देऊ आणि सरळ दवाखान्यात जाऊ."

तो उठला. मिंचो काकाचा तांब्या त्याने चौकातल्या नळावर भरून आणला. सवयीने त्याने तो बिल्यानाच्या पायांपुढे कलता केला. मग थांबला, खिशातली गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि तांब्या तिच्या ओठांना लावला.

वाचकहो, तार मेली की जिवंत, हे खांबावरच्या कागदाला विचारू नका. मीटर लावा. आणि दया वाटणारा समोर आला, तर आधी त्याच्या पायांत काय आहे ते बघा.