देवाला नवी भाजी

कमळाने तो जांभळा गड्डा कानाशी नेला आणि हलवून पाहिला. आत काही वाजले नाही. मग तिने त्याचा वास घेतला, वरचा पापुद्रा नखाने उचकटून पाहिला आणि शेवटी शेजारी उभ्या असलेल्या हफसाला विचारले, "ह्याला रंग कोन देतं गं?"

"कोई नहीं देता मावशी, असाच उगवतो," हफसा हसू दाबत म्हणाली. "कोबी आहे. लाल कोबी."

"लाल कुठं? जांबळा हाय."

"नाव लाल आहे. मी थोडीच ठेवलंय!"

ठाण्याजवळच्या मानकोलीतल्या त्या भाजीच्या गोदामात कमळाला लागून दोन-तीन महिनेच झाले होते. काम अवघड नव्हते. सरकत्या पट्ट्यावरून भाजी टेबलाशी यायची. डागाळलेली, तुटलेली, वाकडी असेल ती 'रिजेक्ट'च्या क्रेटमध्ये टाकायची आणि बाकीची पुढे पॅकिंगला सरकवायची. हफसा निजामपुऱ्यातून शेअर रिक्षाने यायची. कमळा गोदामाच्या मागच्याच पाड्यावर राहायची, त्यामुळे तिला रिक्षाची गरज नव्हती आणि उशिरा येण्याची सोयही नव्हती.

त्याआधीचे सगळे आयुष्य कमळाने रानभाजी खुडण्यात आणि धामणकर नाक्यावर फडके अंथरून ती विकण्यात घालवले होते. टाकळा, कुरडू, लोत, कोळीभाजी, करटोली. कुठल्या उताराला काय उगवते आणि कशाने घसा खाजतो, हे तिला डोळे मिटून सांगता आले असते. भाजीच्या बाबतीत आता शिकण्यासारखे काही उरले नाही, अशी तिची पक्की समजूत होती. ती समजूत गोदामातल्या पहिल्याच आठवड्यात पार धुळीला मिळाली. रोज पट्ट्यावरून एखादी अशी वस्तू यायची की तिचे हात थांबायचे आणि तोंड उघडे राहायचे. काकडीसारखी दिसणारी पण काकडी नसलेली झुकिनी. गवताच्या जाड कोंबासारखा अस्पॅरॅगस. देवाने भाज्या करायचे काम केव्हाच आटोपले असेल असे तिला वाटत होते, आणि इथे तर तो अजून शिफ्टमध्ये काम करत होता. तिला त्याचे खरोखर अप्रूप वाटे.

शनिवारी रिजेक्टचा माल कामगारांना घरी न्यायला मिळायचा. इतर बायका कांदे-बटाटे-टोमॅटो उचलायच्या आणि कमळा नेमकी ती भाजी उचलायची जिचे नाव कुणाला येत नसे. हफसा मोबाइलमध्ये बघून तिला कृती सांगायची.

"मावशी, इसमें कुछ नहीं है. लसूण ठेचायचा, मिरची, मीठ. झाकण ठेवायचं, जरा वाफ आली की उतरवायचं. जास्त शिजवलं तर गया, लगदा."

"मसाला?"

"नको ना! चव कळायला नको का त्याची?"

कमळाची स्वतःची एक वेगळी रीत होती. नवी भाजी ती आधी चिमूटभर खालच्या ओठाला लावायची आणि भांडी घासून होईपर्यंत वाट पाहायची. ओठ झणझणला नाही तरच भाजी तव्यावर जायची. झुकिनी या परीक्षेत पास झाली. मग कमळाने हफसाचे अर्धेच ऐकले आणि तिच्यात मूठभर सुकट टाकली. नातवंडांनी तवा चाटूनपुसून साफ केला. हफसाने हे ऐकले तेव्हा तिने दुसऱ्याच दिवशी घरी सुकट घालून झुकिनी केली आणि तिच्या अब्बांनी दोनदा मागून घेतली.

जांभळ्या कोबीने मात्र पाड्याला वेड लावले. कमळाने तो चिरून पाण्यात टाकला, तर पाणी निळे झाले. नुसते निळसर नव्हे, चांगले शाईसारखे. सून ओरडत बाहेर पळाली. शेजारपाजारचे जमले. भाजी फेकून द्यावी की भगताला बोलवावे यावर बोलणी सुरू झाली. तोवर कमळाने, निदान खाण्यासारखी तरी व्हावी म्हणून, चिंचेचा कोळ त्यात पिळला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते निळे पाणी गुलाबी झाले. खाटेवर पडून असलेला वाघ्यासुद्धा कोपरावर उठून बसला आणि म्हणाला, "परत कर."

वाघ्या कमळाचा नवरा. पाड्यातला सगळ्यात म्हातारा माणूस. नवऱ्याला उठून बसलेला पाहून कमळाला इतका आनंद झाला की तिने उरलेला कोबी चिरून तो खेळ पुन्हा करून दाखवला. मग वाटीत भाजी घालून त्याच्या पुढे धरली.

"भरतच्या बा, एक घास खा."

त्याने वाटीकडे मन भरून पाहिले आणि मान हलवली. "देवाला दावल्याबिगर न्हाय."

हेच तर कमळाचे दुखणे होते. पाड्याची रीत अशी की पावसाळ्यात डोंगरावर जी पहिली भाजी फुटते, ती आधी हिरव्या देवाला दाखवायची. पाऊस लागल्यापासून तोवर हिरवे पान काय, कसलीच भाजी तोंडात घालायची नाही. आता पाड्यातली तरुण मंडळी ती रीत नावापुरती पाळत. पण देवाला भाजी देण्याचा मान वाघ्याच्या घराचा, आणि वाघ्या तो जिवापाड जपत आलेला. दरवर्षी त्याचा उपास पंधरा-वीस दिवसांत सुटायचा. यंदा मागचा डोंगर नव्या गोदामासाठी कापला गेला होता. आषाढ सरत आला तरी भाजी फुटायला जागाच नव्हती. थंडीतल्या तापाने वाघ्याच्या पायातले बळ आधीच गेले होते, आणि आता तो नुसत्या पेजेवर होता. डॉक्टरने पालेभाज्या द्या म्हणून बजावले होते. वाघ्या हो म्हणाला आणि घरी येऊन पेजच प्यायला. त्याच्या छातीच्या फासळ्या दिसू लागल्या होत्या. असेच चालले तर हा माणूस दिवाळी बघणार नाही, अशी कमळाला भीती वाटायची.

"मग हीच दाव ना देवाला," कमळा म्हणाली. "नवीच हाय. आपल्या सात पिढ्यांनी बघली नसंल."

वाघ्याने विचार केला. थट्टेवारी नेले नाही. "कुठून खुडली?"

"खुडली न्हाय. क्रेटमदून काढली."

"तेच. देनाऱ्यानं आपल्या हातानं खुडाय लागतं. आनि टाकलेली देवाला कशी द्याची?"

"नाक्यावर वाडा गावाकडची रानभाजी येते. भरत आनील."

"इकतची?" म्हणून त्याने कूस बदलली. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण तो चिडतही नव्हता.

कमळाने ती रात्र विचारात काढली आणि सकाळी हितेशला गाठले. हितेश हा सुपरवायझर, जवळच्याच गावचा, वयाने तिच्या भरतएवढा. दिवसभर हातात मशीन घेऊन क्रेटवरचे बारकोड वाचत फिरायचा. एरवी कमळा त्याच्याशी मान खाली घालून बोलायची.

"साहेब, माझ्या म्हाताऱ्याला आत आनू का? थंड खोलीत. त्याला भाजी खुडाचीय."

हितेशला आधी वाटले, आपण नीट ऐकले नाही. "मावशी, कोल्ड रूम आहे ती. शेत नाय. आणि बाहेरच्याला एन्ट्री नाय, रूल आहे."

कमळाने सगळे सांगितले. सांगताना तिचा आवाज एकदाच चिरकला, पेजेपाशी आल्यावर. हफसा मागे उभी होती. ती एवढेच म्हणाली, "भैया, बुजुर्ग आदमी है. खाना छोड़ा है."

हितेशने डोके खाजवले, मशीन उगाच चालू-बंद केले. "माझी आजी पण न्यायची तुझ्याकडून कोळीभाजी," तो म्हणाला. "रविवारी दुपारी लाइन बंद असते. मॅनेजरला विचारून बघतो. हो म्हणाला तर आण. पण जॅकेट, टोपी, बूट, सगळं घालायला लागेल."

मॅनेजर हो म्हणाला. त्याला नेमके काय सांगितले गेले ते हितेशलाच ठाऊक.

रविवारी भरतने बापाला मोटारसायकलवर मधे बसवून आणले, मागून कमळाने धरले होते. वाघ्याने धुतलेले धोतर नेसले होते. त्यावर हितेशने ते भले मोठे निळे जॅकेट चढवले, डोक्यावर जाळीची टोपी घातली. इथपर्यंत म्हातारा लहान मुलासारखा शहाणा होता. बूट पुढे आले तसा तो अडला.

"भाजी खुडाला पायात घालून कोन जातं?"

हितेशने कमळाकडे पाहिले. कमळाने छताकडे पाहिले. बूट राहिले बाजूला.

दार सरकले आणि थंड वाफेचा लोट बाहेर आला. वाघ्या भरतच्या खांद्याला धरून आत शिरला आणि जागच्या जागी थांबला. समोर जमिनीपासून छतापर्यंत हिरवे होते. पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूसचे कुरळे गड्डे, आणखी कितीतरी. क्रेटवर क्रेट, भिंतीवर भिंत. एवढे हिरवे एका जागी त्याने डोंगर जिवंत असतानासुद्धा पाहिले नव्हते. त्याच्या तोंडातून धूर निघत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते थंडीचे नव्हते हे कमळाला कळत होते. रोज इथे काम करणाऱ्या तिलासुद्धा त्या क्षणी ती खोली पहिल्यांदा पाहत असल्यासारखे वाटले.

त्याने वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. "राखन कोन करतं याची?" त्याने कुजबुजत विचारले.

"मशीन, काका," हितेशसुद्धा कुजबुजला. का, ते त्यालाही कळले नाही.

वाघ्या हळूहळू पुढे सरकला. ओळखीची भाजी दिसली की तिचे नाव घ्यायचा, अनोळखी दिसली की तिच्यावर नुसता तळहात ठेवायचा. कुणी घाई केली नाही. डाव्या अंगाला, खालच्या क्रेटपाशी तो थबकला आणि भरतचा आधार घेत खाली बसला.

"ही कुठली?"

"ब्रोकोली," कमळा म्हणाली.

त्याने एक गड्डा दोन्ही हातांनी उचलला, फिरवून पाहिला, बोटाने चाचपला. त्याचा चेहरा उजळला. "अगं, हे तर झाड हाय! खोड हाय, फांद्या हायत. आनि ह्या बघ, सगळ्या कळ्या. फुलाच्या आदीच काढलीय. कवली हाय." तो तिच्याकडे वळून हसला. कित्येक महिन्यांनी हसला. "हीच."

मग त्याने डोळे मिटले. हिरव्याला हाक मारली, बापाचे, आज्याचे, त्याच्याही बापाचे नाव घेतले. त्याने गड्ड्याची एक फांदी खुडली आणि कमळाने पुढे केलेल्या पदरात ठेवली. उरलेला गड्डा त्याने जपून पुन्हा क्रेटमध्ये ठेवला, देठ खाली करून, सरळ उभा. शेजारच्या गड्ड्यांची पाने ओढून त्याच्या बुडाशी सारली आणि हलकेच थापटली.

"आख्खा घ्या ना काका," हितेश म्हणाला. "मी बिल करतो माझ्या नावावर."

"नको रे पोरा. सगळी खुडली तर पुढल्या साली काय? बूड राखाला लागतं. बूड ऱ्हायलं का परत फुटतं."

पंखे घुमत राहिले. भरत पायांकडे बघू लागला. खोडापासून कापून आलेल्या त्या गड्ड्याला बूड कुठले आणि माती कुठली, हे तिथे तिघांना माहीत होते. हितेश अगदी साधेपणाने म्हणाला, "बरोबर आहे काका. राहू दे."

संध्याकाळी ती फांदी घरातल्या हिरव्या देवाच्या, म्हणजे मोरपिसांच्या जुडग्याच्या पुढे ठेवली गेली. दिवा लागला. वाघ्याने देवाला जे सांगायचे ते सांगितले आणि नवी भाजी घेतल्याबद्दल त्याचे आभार मानले. कमळाने लसूण ठेचला, मिरची मोडली, तव्यावर तेलात परतून झाकण ठेवले, जरा वाफ येताच उतरवले. पाड्यातल्या प्रत्येक घराला बोटाच्या टोकाएवढा प्रसाद पोचला. देवाला दाखवून झाले होते, म्हणून आता शनिवारची रिजेक्टची ब्रोकोलीही चालत होती. ती तिने दुसऱ्या घाण्याला टाकली.

वाघ्याने भातावर ती घेतली. पहिला घास त्याने फार वेळ तोंडात धरला. "गोड हाय," तो शेवटी म्हणाला. "जरा रानाचा वास हाय." आणि मग तो जेवला. खाली मान घालून, न बोलता, दिवसभर नांगर धरून आलेला माणूस जेवतो तसा जेवला. कमळा समोर बसून नुसती बघत राहिली, तिला स्वतःला वाढून घ्यायची शुद्ध नव्हती.

"जागा ध्यानात ठेव," घास चावता चावता तो म्हणाला.

"कसली?"

"त्या झाडाची. दारातून आत गेलं का डाव्या अंगाला, खालची पेटी. पुढल्या साली मला जमलं न्हाय, तर भरतला धाड."

रविवारची गाडी दिवेलागणीला भरून निघते, हे कमळाला ठाऊक होते. आतापर्यंत ते क्रेट ठाण्याच्या पुढे गेले असणार.

"हाय ध्यानात," ती म्हणाली आणि तवा जवळ ओढून उरलेली भाजी तिने त्याच्या भातावर वाढली.