झिरामायचं पांघरूण

बोरखडीचा तलाव म्हणजे काही मोठं धरण नव्हे. नागपूरच्या लोकांनी रविवारी डबे घेऊन उमरेड रोडने यावं, नावेत बसावं, चिवडा खावा आणि चिवड्याचा कागद पाण्यात टाकून घरी जावं, एवढ्यासाठी सरकारने घातलेली ती मातीची पाळ. तिची देखभाल ओव्हरसियर आनंदरावांकडे. पाळीच्या टोकाला त्यांचं क्वार्टर, त्यात ते आणि त्यांची म्हातारी माय, रुख्मिणीबाई.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात पाळीच्या पायथ्याशी पाणी पाझरू लागलं. आनंदरावांनी ते पाहिलं आणि वर कळवलं. रुख्मिणीबाईंनीही पाहिलं, त्यात पाय धुतले, तिथल्या दगडाला हळदकुंकू लावलं आणि शेजारच्या सिंधूताईला सांगितलं की पायांना बरं वाटलं. वर कळवलेलं वरच राहिलं. सिंधूताईला कळवलेलं मात्र पंधरवड्यात भिवापूरच्या बाजारापर्यंत गेलं, आणि जाईपर्यंत रुख्मिणीबाईंचे गुडघे देवीने साफ बरे केलेले होते. अशा पाझराला तिकडे झिरा म्हणतात; झिऱ्यातून निघाली म्हणून देवीचं नाव पडलं झिरामाय.

तलावावरच्या नावांचा ठेका भैय्याजीकडे होता. माणूस तल्लख. त्याने नावा तशाच ठेवून शेजारी नारळाचं दुकान टाकलं, आणि देवीपुढे मंडप बांधायचा म्हणून रेती, गिट्टी आणि दगड यांचे ढीग आणून ओतले. आनंदराव त्या ढिगांकडे उपाशी माणसासारखे पाहत. ज्याला त्याला सांगत की बापहो, ही देवी नाही, गळती आहे. हिच्यावर आधी रेती, मग गिट्टी, मग दगड असे थर घाला, म्हणजे पाणी निघून जाईल पण पाळीची माती जागेवर राहील. पालथ्या घड्यावर पाणी! लोक म्हणत, सख्ख्या मायच्या गुडघ्यावर ज्याचा भरवसा नाही, त्याचं काय ऐकायचं? शेवटी मोठे साहेब पाहणीला आले. त्यांनी पाळीची पाहणी केली, नारळ फोडला, आणि पाहणीत काही आढळलं नाही.

मग श्रावण आला. तलाव सांडव्यापर्यंत भरला, आणि एका शुक्रवारी सकाळी झिऱ्याचं पाणी पिवळं झालं.

झिरामायने हळद लावून घेतली, अशी बातमी पसरली. लोक बैलगाड्यांनी आले, एसटीने आले, पाळीच्या पायथ्याशी मांडी घालून बसले. आनंदरावांनी ते पाणी ओंजळीत घेतलं, तर तळाशी माती बसली. निवळ पाणी निघत होतं तोवर ती नुसती गळती होती. गढूळ पाणी म्हणजे पाळ आतून वाहून चालली होती, आणि जिथून ती फुटायची तिथेच सगळा मेळा भरला होता. सगळ्यांच्या पुढे, मानाच्या जागी, त्यांची माय.

त्यांनी आधी धावत जाऊन तलावाचं पाणी सोडायचं दार पूर्ण उघडलं, पण भरलेला तलाव काय घटकाभरात उतरतो? मग ते लोकांवर ओरडत सुटले. वर चला, टेकडीवर चला, पाळ फुटेल. बायकांनी पदर सावरले आणि थोडं सरकून बसल्या, त्यांना वाटलं ओव्हरसियरला दर्शन घ्यायचं आहे. रेती टाकू द्या म्हणून ते भैय्याजीच्या हातापाया पडले. भैय्याजी शांतपणे म्हणाला की देवीच्या अंगावर रेती टाकणं त्याच्या बुद्धीला पटत नाही.

घसा बसला तेव्हा आनंदराव मायजवळ आले. तिला उठ म्हणाले. तिने नुसती मान हलवली, इतक्या लोकांसमोर ती कशी उठणार होती? तेव्हा ते चिखलात तिच्या शेजारी बसले.

"तू उठत नसशील तं मीबी इथंच हावो," ते म्हणाले. "काय व्हायचं ते दोघांचं होईल."

त्यांनी मांडी घातली आणि दोन्ही हात चिखलात रोवले. मायने त्या हातांकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. आणि ती उठली. अंबाडा सोडला, केस मोकळे केले आणि घुमायला लागली. गर्दीत कोणीतरी ओरडलं, अंगात आली! सगळ्यांनी हात जोडले. जन्मात कधी अंगात न आलेली ती बाई गरागरा घुमत होती.

"मले थंडी वाजून राहिली," झिरामाय म्हणाली. "मले पांघरूण घाला रे. पहिले रेती, मंग गिट्टी, मंग दगड. बायापोरं टेकडीवर जा. गडी कामाले लागा. जो आयकन नाही त्याचा निर्वंश करीन."

बायापोरांनी पायथा रिकामा करायला फार वेळ लावला नाही. मागे राहिलेले गडी टोपली घेऊन भैय्याजीच्या ढिगांवर तुटून पडले, आणि पहिलं टोपलं भैय्याजीनेच उचललं, कारण निर्वंश कोणाला हवा असतो? आनंदराव थर दाखवत गेले. मध्येच कोणी दगड आधी टाकू लागला की देवीच त्याला दरडावायची. दुपार कलली तशी तलावाची पातळी उतरू लागली, आणि दगडांखालून पाणी निवळ यायला लागलं. लोकांनी देवीचा जयजयकार केला आणि प्रसाद घेऊन घरी गेले. पाळ जागेवर होती.

दुसऱ्या दिवशी रुख्मिणीबाईंना खाटेवरून उठता येईना. गुडघे टम्म सुजले होते. आनंदराव कोमट तेल घेऊन पायाशी बसले.

"माय, हे गुडघे तं देवीनं बरे केले होते ना वं?"

"कवा?" रुख्मिणीबाई म्हणाल्या.

आनंदरावांचा हात थांबला. मग म्हातारीने सांगितलं की ती सिंधूताईला एवढंच बोलली होती, पाणी गार हाये, पायाला बरं वाटलं. बाकीचं लोकांनी केलं.

"मंग तू काहून चूप राह्यली?"

"लोक पाया पडून राहिले होते, बाबू. मले जन्मात कोण पाया पडलं होतं?"

आनंदरावांनी हातावर आणखी तेल ओतलं. त्यांनी पुन्हा चोळायला घेतलं.

"अन् काल?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"काल तू चिखलात बसला न माह्या बाजूले," माय म्हणाली. "जरा खाली चोळ. तिथं जास्त दुखते."