टीव्हीचा क्रिस्टल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, टेंभुर्णीच्या पुंजाराम गुरुजींचा. घरच्या टीव्हीला जोडलं, कॅसेट लावली, की मी कामाला लागायचो. सेकंदाला पन्नास वेळा मला आतून हाक येते: हातातलं काम सोड, सूर वाजव. दोन हाकांच्या मधे काम उरकलं नाही, तर सूर अडखळतो.

एकदा माझा वेग ठरवणारा क्रिस्टल गेला. तसा जालन्यातही मिळेना. शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या बद्रीनाथने भंगार टीव्हीतला काढून बसवला आणि मी जरा चपळच झालो. हाका तेवढ्याच, काम मात्र आधी उरके. त्याच वेगावर गुरुजींनी पाळण्यातल्या लेकीसाठी, दीपमालासाठी, अंगाई बसवली. शेजारीपाजारी ऐकायला यायचे. मी फार मिरवलो, खोटं कशाला सांगू? पुढे माळ्यावर पडलो ते पडलोच.

यंदा गुरुजी गेले. त्यांच्या पत्नी बेबीनंदाबाईंना ती अंगाई एकदा ऐकायची होती. दीपमालाने लॅपटॉपवर माझ्यासारखीच चालणारी नक्कल तयार करून तिच्यात गुरुजींची कॅसेट चढवली; माझा वेग आणि हाकांच्या वेळा माझ्यासोबत आलेल्या माहितीपुस्तकातून घेतल्या. पण अंगाई मधेच अडखळे. मग तिने मला खाली काढलं. चालू करण्याआधी जपून खोललं, तर आत भलताच क्रिस्टल. तिने तो उपटून टाकला आणि पुस्तकात दिलेला बसवला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

मी पुन्हा मूळच्या संथ वेगाने सुरू झालो आणि नक्कल जिथे अडखळे, नेमका तिथेच अडखळलो. पोरीला आनंद झाला. वेळ तंतोतंत जुळली होती.

बाई मात्र म्हणाल्या, "ते असं थांबायचं न्हाई गं. ह्यांनी पाळण्याच्या झोक्यावर बसवल्तं."

"आई, दोन्ही बराबर एकाच जागी अडखळून राह्यलेत. बाबांनी तसंच लिहिलं असंल. तुला आता आठवत न्हाई."

"असंल मंग. माझंच चुकलं," बाई म्हणाल्या.

त्या चुकल्या नव्हत्या. हे जाणणारा मी एकटा उरलोय, आणि मी आता रोज तीच चूक वाजवतो. मित्रांनो, जुन्या वस्तूत काही भलतं दिसलं, तर उपटण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला विचारा. बेबीनंदाबाई हल्ली अंगाई म्हणतात, तेव्हा त्या जागी मुद्दाम थांबतात.