सोयरिकीचा घास

अतिथीला तृप्त करणे हे पुण्य, आणि पुढे आलेला घास स्वीकारणे हे सौजन्य. परंतु त्याच घासाने देह झिजत असेल, तर नकाराचे पाप कोणी पत्करायचे? कझाख मुलखातल्या तराझ शहराजवळच्या एका गावात, त्या दुपारी, ते कुल्याशने पत्करले.

नियोजित वधूच्या घरी गालिच्यावर पंगत बसली होती. वधूपिता कासिमखान याने यकृताच्या चकतीवर मेंढीच्या शेपटीची पांढरी चरबी ठेवली आणि तो घास वरपिता ओरमानबेक याच्या ओठांशी नेला. व्याह्याच्या हातून हा घास घेतला की सोयरीक पक्की, एरवी नाही.

"उघडा तोंड, व्याही! की आमची पोरगी घशाखाली उतरत नाही?"

पंगत हसली. ओरमानबेकने तोंड उघडलेही. तोच त्याच्या पत्नीने, कुल्याशने, कासिमखानाचे मनगट धरले.

"चरबी नको. त्यांना साखरेचा आजार आहे. गेल्या हिवाळ्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवलीय."

"अहो विहीणबाई, मेंढीच्या शेपटीनं कधी कझाख मेलाय होय?"

"माझा भाऊ मेला. एका पंगतीत नाही, सगळ्या पंगतींनी मिळून. म्हणून तर कुणाच्याच हाताला रक्त लागलं नाही!"

"गप्प बस," ओरमानबेक पुटपुटला. "चारचौघांत लाज काढतेस."

"लाज? मग सांगा की, आज इन्सुलिन का टोचलं नाहीत ते! व्याह्यांपुढे आजारी दिसायचं नाही म्हणून सुई घरी ठेवून निघालात. नवरदेवाचा बाप आज धडधाकट दिसला पाहिजे. लग्नात उभा नसला तरी चालेल!"

कासिमखानाने घास ताटात टाकला. "सोयरीकच नको, असं सरळ म्हणा."

ओरमानबेक ताटाकडे पाहत राहिला. मग पत्नीकडे न पाहताच त्याने हात पुढे केला.

"आण ती सुई. तू पिशवीत घातली असशीलच."

साऱ्या पंगतीदेखत त्याने सदरा वर करून सुई टोचून घेतली. पोटावरच्या सुयांच्या जुन्या निळसर खुणा सर्वांनी पाहिल्या.

कासिमखानाने सुरी उचलली, चरबी बाजूला सारली. "माझ्या बापानं हे बघितलं असतं, तर मला घराबाहेर काढलं असतं," तो गुरगुरला. आणि नुसत्या यकृताचा लहानसा तुकडा त्याने व्याह्याच्या मुखात घातला.

घास गिळून ओरमानबेकने दोन्ही तळवे उघडले आणि सोयरिकीला आशीर्वचन दिले. पत्नीशी मात्र तो घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही. तिचे हात मांडीवरची पिशवी घट्ट आवळून होते, अजूनही क्रोधानेच.

त्या दोन्ही घरांचे कल्याण असो; आणि ज्या हातांनी घास अडवला, त्यांनाही विसावा लाभो.